टूरर गाडी घाटात: सगळं जमलं, साइड स्टँड सोडून

टूरर म्हणजे लांब प्रवासाची जड मोटरसायकल. न्यूट्रलला इंजिन मस्त चालू, पहिला गिअर टाकला की बंद. पावसाळ्यात माळशेजला किंवा ताम्हिणीत असं झालं तर बॅटरी, पेट्रोल, प्लग यांच्या मागे लागू नका. खाली वाका आणि साइड स्टँडच्या मुळाशी किती चिखल बसलाय ते बघा. एवढं सर्व्हिस सेंटरमधल्या कुणाला सुचलं असतं तर एक बॅटरी आणि दोन प्लग विनाकारण बदलले गेले नसते. म्हणून हा रिव्ह्यू. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा उगाळत नाही. दोन सिलिंडर, टाकी भरून २४० किलोच्या आसपास, मागे दोन बॉक्स आणि वर एक. या वर्गातली कुठलीही गाडी डोळ्यांसमोर आणा, पुढचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडेल.

स्टँड खाली असताना गिअर पडला तर इंजिन बंद व्हावं, यासाठी स्टँडच्या पिव्होट बोल्टपाशी, म्हणजे स्टँड ज्यावर फिरतो त्या बोल्टपाशी, एक स्विच असतो. काही गाड्यांत तो दट्ट्याचा, काहींत पिव्होटवरच फिरणारा, काही नव्या गाड्यांत चुंबकावर चालणारा. कल्पना चांगली आहे. स्टँड खाली ठेवून निघालात आणि डावीकडे वळलात तर स्टँड रस्त्याला टेकून गाडी उलथू शकते. प्रश्न जागेचा आहे. स्विच गाडीच्या तळाशी, डाव्या अंगाला, बरोबर पुढच्या चाकाच्या फवाऱ्यात. कोकणातली लाल माती पिठासारखी बारीक असते, ती फटीत शिरते आणि वाळली की दट्ट्या अर्ध्यावर अडकतो. मग स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो. पाणी शिरलं तर काँटॅक्ट कधी जुळतो, कधी नाही. म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कोरड्या फरशीवर गाडी गुणी बाळ, आणि घाटाच्या तोंडाशी रंबल स्ट्रिपचे, म्हणजे रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्यांचे, हादरे बसले की बंद.

सपाट रस्त्यावर हा नुसता वैताग. डावीकडच्या चढाच्या हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणावर, मात्र गाडी हमखास आडवी होईल असा प्रकार. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावं हेअरपिन आपल्याला आतून घ्यावं लागतं आणि चढ तिथेच सगळ्यात उभा असतो. वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, पहिला गिअर, हँडल जवळजवळ पूर्ण वळलेलं. अशा वेळी गाडीचा तोल इंजिनाच्या ओढीवर असतो. ओढ गेली की गाडी आत पडते, आणि आतल्या बाजूला रस्ता खोलगट असल्यामुळे डावा पाय जमिनीला पोचत नाही. इथे हात आपोआप क्लचकडे जातो. जाऊ देऊ नका. गिअर तसाच राहू द्या, बंद पडलेलं इंजिनच मागचं चाक धरून ठेवतं. उजवा पाय मागच्या ब्रेकवर. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला तर गाडी पडलीच म्हणून समजा.

निदान दोन मिनिटांचं आहे. न्यूट्रलला इंजिन सुरू करा, स्टँड वर आहे ना बघा, क्लच दाबून गिअर टाका. बंद पडलं तर टाचेने स्टँडला खालून वरच्या दिशेला दोन-तीन हलके दणके द्या आणि पुन्हा करून बघा. चाललं तर संशय स्विचवर. न्यूट्रल स्विच आणि क्लच स्विचही असा चाळा करतात, पण ते चिखलाने सहसा बिघडत नाहीत. घरी आल्यावर साध्या पाइपने, बारीक धारेने माती भिजवा आणि जुन्या टूथब्रशने काढा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन तिथे मारू देऊ नका, ती माती आणखी आत ढकलते. पाणी सुकलं की काँटॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारून स्टँड वीसेक वेळा वर-खाली करा, दहा मिनिटं थांबा, मग कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं, ओल अडवणारं) भरा. पिव्होटला साधं ग्रीस, तेही पुसून पातळ. जाड थर मातीला आमंत्रण देतो. मल्टिमीटर असेल तर कनेक्टर सोडून, जोड जुळला की बीप वाजवणाऱ्या कंटिन्युइटी सेटिंगवर तपासा. दोन वायरींचा स्विच असेल तर बहुतेक गाड्यांत स्टँड वर असताना बीप वाजायला हवा आणि खाली केल्यावर थांबायला हवा. स्टँड हलवताना बीप तुटक वाजला तर स्विच गेला. लॅमिंग्टन रोडला मिळणारा साध्यातला साधा मल्टिमीटर या कामाला पुरतो.

वायर जोडून स्विच कायमचा बायपास करून देणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. करू नका. बॉक्स लादलेल्या गाडीवर स्टँड खाली राहिला तर पहिल्या डाव्या वळणालाच कळेल. शिवाय काही गाड्यांत स्विचमध्ये रेझिस्टर असतो, नुसती वायर जोडली की डॅशबोर्डवर एरर येते आणि क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

सर्व्हिस सेंटरवाले आधी बॅटरी म्हणाले, मग प्लग, मग ‘पेट्रोलमध्ये पाणी असेल’. शेवटी नव्या स्विचचं कोटेशन, चार हजारांच्या आसपास, मजुरी वेगळी. वॉरंटीचं विचारलं तर उत्तर आलं की चिखल हे बाह्य कारण आहे. ब्रोशरवर हीच गाडी ओढा ओलांडताना दाखवायची आणि चिखलाला बाह्य म्हणायचं, याला काय म्हणावं! काँटॅक्ट क्लीनरचा डबा तीन-चारशेला येतो आणि वर्षभर पुरतो.

स्टँडचं दुसरं दुखणं त्याच्या पायाचं. पाय एवढासा आणि वर एवढं धूड. ओल्या मातीत तो रुततो, मे महिन्याच्या उन्हात मऊ डांबरातही रुततो. त्याखाली प्लेट लावून घ्यावी लागते. तयार प्लेट ऑनलाइन दीड-दोन हजारांच्या आहेत. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या आसपास लोखंडी पट्टी कापून वेल्डिंगसकट दोनशेच्या आत काम होतं. साधारण ८ गुणिले ६ सेंटिमीटर, कडा गोल. जाडी मात्र ४ मिलिमीटरच्या वर नको. जाड प्लेट म्हणजे लांब स्टँड, आणि लांब स्टँडवर गाडी जास्त उभी राहते. मग ती उजवीकडे पडायला ट्रकच्या वाऱ्याचा एक झोत पुरतो.

याचा संबंध प्रीलोडशी, म्हणजे मागची स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवली आहे त्याच्याशी आहे, आणि हे कुणी सांगत नाही. सामान लादलं आणि मागची स्प्रिंग तशीच सैल ठेवली की गाडी खाली बसते, स्टँड तुलनेने लांब होतो आणि गाडी धोकादायक रीतीने सरळ उभी राहते. शिवाय हीच खाली बसलेली गाडी डाव्या हेअरपिनला झुकवली की स्टँडची प्लेट रस्त्याला घासते. उपाय एकच, प्रीलोड. सेंटर स्टँडवर मागचं चाक लटकत असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या बोल्टपर्यंत टेपने मोजा, मग सामानासकट बसून दुसऱ्याला मोजायला सांगा. फरक मागच्या सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के हवा, म्हणजे १५० मिलिमीटर हालचाल असेल तर ४५. आधी हे जुळवा आणि प्लेट त्यानंतर लावा, उलट नको.

घाटात गाडी लावताना तोंड चढाकडे, पहिल्या गिअरमध्ये. सोडण्यापूर्वी गाडी थोडी मागे सरकू द्या, गिअरमधल्या इंजिनाच्या कॉम्प्रेशनने चाक अडलं की मग हात काढा. तोंड उताराकडे असेल आणि गाडी पुढे सरकली तर स्टँड मागे मिटतो आणि गाडी गेली. रस्त्याचा ढाळही बघा. डाव्या कडेला उभी केली तर ढाळ स्टँडच्या बाजूला असतो, गाडी झुकते पण टिकते. दरी बघायला पलीकडच्या कडेला लावली तर ढाळ उलटा पडतो आणि गाडी उजवीकडे ओणवी होते. पडलीच तर इंजिन बंद करा, बॉक्स काढा, गिअरमध्ये आहे ना बघा. उजव्या अंगावर पडलेली असेल तर उचलण्याआधी स्टँड खाली काढून ठेवा, नाहीतर उचलण्याच्या जोरात ती पलीकडे जाऊन पडते. पाठ सीटकडे करा, कंबर सीटला टेकवा, एक हात हँडलच्या खालच्या टोकाला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, आणि छोटी पावलं टाकत उलटे मागे सरका. जोर पायांचा लावायचा. कमरेने उचलायला गेलात तर गाडीआधी तुम्हीच जमिनीवर.

सुरुवातीला वजन हाच या गाडीचा मुख्य दोष वाटत होता. आता मत बदललं आहे. कसाऱ्याच्या चढाला ट्रेलरच्या मागे अडकून रांगताना वजन नकोसं होतं खरं, पण वेग २५च्या वर गेला की ते जाणवत नाही. उघड्या कड्यावर आडव्या वाऱ्यात गाडी जागची हलत नाही, तिथे हलक्या गाड्या लेन सोडतात. आणि हळू वळणाची युक्ती जमली की वजन आपलं काम करतं: वळणाआधीच पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, वेग फक्त मागच्या ब्रेकने, नजर वळणाच्या शेवटाकडे. वळणाच्या मध्यात गिअर बदलायचा नाही. बाहेरच्या कडेला काठोकाठ भरलेल्या टाक्यांतून सांडलेलं डिझेल असतं, धबधब्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं तिथे शेवाळ असतं, आणि भिजलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारायचा नसतो. बाकी गाडी सांभाळते.

उताराला मात्र वजनाचा हिशोब चुकता करावा लागतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे १३०० मीटर खाली यावं लागतं. गाडी, चालक आणि सामान मिळून ३४० किलो धरले तर ४३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्यात साधारण १३ लिटर पाणी उकळेल. ती हवेत आणि इंजिनात घालवायची की ब्रेकमध्ये, हे तुमच्या गिअरवर ठरतं. दुसरा किंवा तिसरा गिअर, थ्रॉटल बंद, ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा वेळ पण जोरात. पेडलवर पाय नुसता टेकवून उतरणाऱ्यांचा मागचा ब्रेक अर्ध्या घाटात मऊ पडतो. कारण ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकमधलं तेल. नेहमीच्या डॉट ४ प्रकारचं फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की उकळण्याची किमान हद्द १५५ अंशांवर येते. मुंबईच्या हवेत दोन वर्षं वाट बघू नका, दर पावसाळ्यानंतर बदला. उघडलेली बाटली ठेवून देऊ नका, तिनेही तोपर्यंत पाणी प्यायलेलं असतं. म्हणून २५० मिलिलिटरचीच घ्या. डॉट ५.१ चालतं, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. पेडल मऊ लागलं तर थांबा, वीस मिनिटं थंड होऊ द्या, डिस्कवर पाणी ओतू नका.

मायलेज घाटात २२ च्या आसपास. सायन ते शीळफाटा ट्रॅफिकमध्ये उजवी मांडी भाजते. एक्स्प्रेसवे दुचाकीला बंद, अटल सेतू बंद, सी लिंक बंद, त्यामुळे इतक्या पैशांची टूरर घेऊनही वाशी-पनवेलच्या रांगेतूनच बाहेर पडायचं आणि पुढे खोपोलीहून जुन्या बोरघाटाने शिंग्रोबाच्या देवळावरून चढायचं. यात गाडीचा काही दोष नाही, पण घेणाऱ्याला माहीत असावं.

पावसाळ्यानंतरची भर: लेखी तक्रार पाठवल्यावर स्विच वॉरंटीत बदलून मिळाला, फोनवर हे झालं नसतं. ईमेलमध्ये जॉब कार्डचे नंबर, मल्टिमीटरचं रीडिंग आणि चिखलाचे फोटो जोडा. नवा स्विचही त्याच जागी आहे, त्यामुळे त्याच्या पुढे जुन्या ट्यूबचा तुकडा, साधारण १२ गुणिले ८ सेंटिमीटर, दोन झिप टायने फ्रेमला बांधला आहे. बांधताना स्टँड पूर्ण वर-खाली करून बघा. रबर स्प्रिंगमध्ये अडकलं तर स्टँड अर्धाच वर जाईल. सायलेन्सरच्या पाइपापासून किमान चार बोटं अंतर ठेवा.