फिगरला डोकंच नाही! फायरिंग सिम्युलेटर पंधरा दिवस वापरून पाहिला, त्याची हकिकत

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेला एनसीसीच्या मुलांसाठी फायरिंग सिम्युलेटर घ्यायचा होता. कंपनीने पंधरा दिवस वापरायला दिला. संस्थेच्या सचिवांचा फोन आला, "सुभेदार, पैसे द्यायच्या आधी तुम्ही एकदा झोपून बघा." झोपून म्हणजे प्रोन पोझिशनमध्ये, पोटावर पडून नेम धरायला. घरात मात्र या वाक्यावर दोन दिवस हसणं चाललं होतं.

मराठा लाईट इन्फंट्रीत माझी अठ्ठावीस वर्षं गेली, त्यातली नऊ वेपन ट्रेनिंगचा उस्ताद म्हणून. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, पण फोरसाईटच्या, म्हणजे नळीच्या पुढच्या खुंटीच्या, टोकावर ३०० मीटरवरची फिगर, म्हणजे माणसाच्या आकाराचं टार्गेट, कशी बसते ते डोळ्यांत कोरलेलं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी पाठवलेला पोरगा कष्टाळू निघाला आणि अर्ध्या तक्रारी त्याने माझ्यासमोर निस्तरल्या.

यंत्र साधं आहे. लष्कराच्या इन्सास रायफलच्या आकाराची रायफल, नळीत लेझर. समोर चार मीटर रुंद पडदा, वर प्रोजेक्टर, शेजारी कॅमेरा. ट्रिगर ओढला की लेझरचा ठिपका पडद्यावर पडतो, माणसाला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. कॉम्प्युटर हिशेब करून सांगतो गोळी कुठे लागली. चार मुलं एका वेळी झोपू शकतात.

पहिल्या दिवशी पोराने झाडं दाखवली. पानं हलतात, पाऊस पडतो, एक घारही फिरते. सचिव खूश. मी आडवा झालो, डोळ्याजवळच्या बॅकसाईटच्या छिद्रातून बघितलं आणि म्हणालो, "बाळा, ही फिगर ३०० वर नाही." तो म्हणाला, "काका, सेटिंग ३०० आहे." सेटिंग असेल, पण फोरसाईट तिला जास्त झाकत होती. शेवटी टेप मागवला. सॉफ्टवेअरमध्ये डोळा ते पडदा अंतर ५ मीटर भरलेलं, आणि हॉलच्या मधल्या खांबामुळे चटया पडल्या होत्या ६.२ मीटरवर. म्हणजे पोरं ३०० समजून ३७२ मीटरच्या फिगरवर नेम धरत होती. ही फिगर, आमच्या भाषेत फिगर ११, साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असते. ५ मीटरवरच्या पडद्यावर ती साडेसात मिलिमीटर भरली पाहिजे. तेवढी ती भरतही होती, फक्त आम्ही मागे पडलो होतो. चटया पुढे ओढल्या, दोन मिनिटांचं काम. पण टेप कुणी लावला नसता तर वर्षभर पोरं चुकीचं चित्र डोळ्यांत साठवत राहिली असती.

चटया पुढे आल्यावर दुसरीच गोष्ट उघडी पडली. प्रोजेक्टर आडवे १९२० ठिपके, म्हणजे पिक्सेल, दाखवतो. चार मीटर पडद्यावर एकेक ठिपका दोन मिलिमीटरचा. साडेसात मिलिमीटरच्या फिगरच्या वाट्याला आले जेमतेम चार. चार ठिपक्यांत काय माणूस दिसणार? खांदे आहेत, डोकं नाही. ज्या फिगरवर नेम धरायचा तिला डोकं नाही आणि मागच्या झाडाची पानं मोजून घ्या! एक ठिपका म्हणजे ३०० मीटरवर साडेबारा सेंटीमीटर. आमची मुलं .२२ रायफलने २५ मीटरवर ग्रुपिंग करतात, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ मारायला शिकतात, तिथे एक ठिपका एक सेंटीमीटरचा, ते चालून जातं. ३०० साठी मात्र दुप्पट ठिपक्यांचा, फोर-केचा प्रोजेक्टर हवा, असं मी लेखी दिलं. ५ मीटरवरून निरोगी डोळ्याला दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. ठिपका एक मिलिमीटरवर आला की तो ठिपका म्हणून दिसत नाही, कड सलग दिसते.

यंत्रात '१० मीटर एअर रायफल' असाही एक मोड होता. स्वप्नील कुसळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्याकडे प्रत्येक पालकाला रायफल दिसते, त्यामुळे या मोडवर गर्दी. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. निम्म्या अंतरावरच्या पडद्यावर तो पाव मिलिमीटरचा व्हायला हवा, आणि इथे एक ठिपकाच दोन मिलिमीटरचा. मी तो मोड बंद करायला लावला. एअर रायफल शिकायची तर कागदी टार्गेट लावा आणि खऱ्या १० मीटरवर उभे राहा.

सगळ्यात जास्त भांडलो ते क्षितिजावरून. मैदानावर क्षितिज कायम आपल्या डोळ्याच्या उंचीला असतं. उभे राहा, वर येतं. झोपा, खाली जातं. इथे ते दीड मीटरवर खिळे ठोकून बसवलेलं, उभ्या माणसासाठी. झोपलेल्या मुलाचा डोळा जमिनीपासून फूटभर. त्याला रायफल १३-१४ अंश वर करावी लागते, मान मागे मोडते, कोपर सरकतं. प्रोनमध्ये आम्ही जे शिकवतो त्याच्या नेमकं उलट. पाटणच्या एका मुलीने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, विमान पाडायचंय का?" पडदा खाली आणता येईना, कारण खाली स्टेजचा कठडा. मग संस्थेचे जाडजूड बाक जोडून मचाण केलं, त्यावर चटया टाकल्या आणि पोराने क्षितिज १०५ सेंटीमीटरवर आणलं. माना सरळ झाल्या.

हीच गोष्ट आडवी धरली की लेनचा, म्हणजे एकेका मुलाच्या जागेचा, घोळ कळतो. चित्र एकाच डोळ्यासाठी काढलेलं, तोही मध्यभागी बसलेला. कडेच्या लेनमधला मुलगा मध्यापासून १.८ मीटर बाजूला. मधल्या टार्गेटवर धरायला त्याला २० अंश वळावं लागतं. खऱ्या रेंजवर १.८ मीटर बाजूला झोपलात तर ३०० मीटरच्या टार्गेटसाठी वळणं अर्धा अंशसुद्धा नसतं. यावर उपाय एकच. पडद्याचे चार भाग करायचे, प्रत्येक लेनला समोरचं स्वतःचं टार्गेट आणि त्याच लेनच्या डोळ्यातून काढलेलं चित्र. कंपनीकडे ती सोय होती, पण 'एकसंध देखावा छान दिसतो' म्हणून बंद ठेवलेली. छान कोणाला दिसतो? मागे खुर्चीत बसलेल्या पाहुण्यांना.

कॅमेऱ्याबद्दल मात्र चांगलं बोलेन. लेझरचा ठिपका तो बारकाईने पकडतो, रायफल बेंचवर बांधून पाच वेळा ट्रिगर ओढला तर पाचही एकावर एक. पण तासाभराने प्रोजेक्टर तापला की चित्र सरकायचं. पडद्यावर ३ मिलिमीटर सरकलं की ३०० मीटरवर १८ सेंटीमीटर झाले, आणि बिचारा मुलगा स्वतःच्या श्वासाला दोष देत बसतो. आधी चार कोपरे जुळवून कॅलिब्रेशन करत होते. त्याने तिरका पडलेला पडदा सरळ होतो, पण कॅमेऱ्याच्या भिंगाचा बाक जात नाही, कडेच्या लेन चुकतातच. आता पंचवीस बिंदूंची जाळी टाकून करतात, आणि दर तासाला. मुलांनी मचाणावरून उड्या मारायच्या नाहीत, ही माझी जोड.

हलत्या टार्गेटची गंमत नातवाच्या मोबाईलने उघड केली. त्याने सेकंदाला २४० चित्रं घेणारं शूटिंग केलं, ट्रिगरच्या खटक्यापासून पडद्यावर खूण उमटेपर्यंत २० चित्रं गेली. म्हणजे ८० मिलिसेकंदांच्या वर. सेकंदाला ४ मीटर धावणारी फिगर तेवढ्यात फूटभर पुढे जाते. खूण उशिरा दिसली तरी हरकत नाही, पण गोळी लागली की नाही हे ट्रिगर ओढला त्या क्षणीच्या फिगरशी ताडून बघितलं पाहिजे. हे यंत्र आत्ताच्या फिगरशी ताडतं. दुरुस्ती पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणाले. बघू.

रायफलचं वजन तराजूवर तीन किलोच्या आत भरलं, खरी इन्सास चारच्या आसपास. झटका हवेचा आहे, गालावर थाप मारल्यासारखा. उन्हात चमकणारी फोरसाईट, मिराज म्हणजे तापलेल्या हवेची थरथर, घामाने ओली मूठ, शेजारच्याच्या गोळीने दचकणं, यातलं काही पडद्यावर येत नाही आणि यायची अपेक्षाही नाही. काडतुसं मोजून मिळतात. त्याआधी होल्डिंग, शिस्त, ट्रिगर ऑपरेशन घटवून घ्यायला हे उपयोगी. पंधरा दिवसांत सतरा मुलांपैकी अकरा जणांचं ट्रिगर झटकणं गेलं, ते मी स्वतः पाहिलंय.

पाचपैकी तीन देतो, तेही बाक आणि टेप आमचे धरून. फोर-के प्रोजेक्टर बसेपर्यंत चाळीस टक्के रक्कम रोखून ठेवा असं सचिवांना सांगितलं आहे. आणि बाक परत द्या म्हणून दहावीच्या वर्गातून निरोप आलाय, तर मचाणाची सोय आधी बघावी लागेल.