फॉरेक्स कार्ड: दहा महिने वापरून झाल्यावर

परदेशात खर्चायला आधीच तिथली करन्सी भरून ठेवायचं हे कार्ड मे २०२५ मध्ये घेतलं, त्यावर जूनमध्ये बायकोसोबत थायलंड आणि डिसेंबरमध्ये आईला घेऊन सिंगापूर केलं. बँकेचं नाव टाकत नाही कारण मित्राकडे दुसऱ्या बँकेचं आहे आणि त्याचीही रड हीच आहे.

अमळनेरच्या शाखेत कोणालाच काही माहीत नव्हतं म्हणून जळगाव गाठलं. पासपोर्ट, पॅन, तिकीट सगळं दिलं, विचारलं की थायलंडला जातोय, तिथले बाथ टाकता येतील का, तर साहेब म्हणे डॉलर टाका, डॉलर सगळीकडे चालतो. चालतो हो, पण डॉलरचे बाथ होताना माझ्या कार्डावर दरवेळी साडेतीन टक्के जातात, हे मला घरी आल्यावर स्टेटमेंट बघून कळलं. ज्या देशात जायचं तिथलीच करन्सी कार्डात भरता येते का ते आधी बघा, नसेल येत तर निम्मा फायदा तिथेच गेला.

जायच्या आधीच पहिला फटका बसला. थायलंडचा डिजिटल अरायव्हल कार्ड फॉर्म, म्हणजे देशात शिरायला लागणारा ऑनलाइन फॉर्म, सरकारी साईटवर फुकट असतो, उतरायच्या आधी तीन दिवसात भरायचा. मी गुगलवर जी साईट वर आली ती उघडली, कार्ड नंबर टाकला आणि डॉलर गेले. यात कार्डाचा दोष नाही, माझाच शहाणपणा.

बँकॉकचं एटीएम म्हणजे तर वेगळंच दुखणं. बाहेरच्या कार्डावर दर वेळी २२० बाथ कापले, हजार काढा नाहीतर दहा हजार काढा, तेवढेच. मी आपला गावाकडच्या सवयीने थोडे थोडे काढत बसलो, पहिल्याच दिवशी दोनदा २०००, म्हणजे ४४० बाथ मशीनलाच वाहिले. वर स्क्रीनवर विचारतं की रक्कम तुमच्या कार्डाच्या करन्सीत बदलून देऊ का, मागे लाईन लागलेली, मी दाबलं हो. तिथे नेहमी नाही म्हणायचं आणि तिथलीच करन्सी निवडायची, कारण हो म्हटलं की रेट ते मशीनवाले लावतात. दुकानात स्वाइप करतानाही हेच.

सिंगापूरला शहाणा होऊन गेलो, सिंगापूर डॉलरच भरून. पण हॉटेलवाल्याने चेक-इनलाच २०० डॉलर डिपॉझिट म्हणून अडकवले. क्रेडिट कार्डावर अशी रक्कम नुसती लिमिटमधून अडकते, इथे स्वतःचे भरलेले पैसे अडकतात. माझ्याकडे दुसरं कार्डच नव्हतं. आई बॅगांवर बसून बघत होती, मी सारखं ॲप उघडून बॅलन्स बघतोय म्हटल्यावर विचारते, "काय व्हयनं रे? पैसा शेतस ना?" (पैसे आहेत ना?) शेतस माय, पण दिसी नही राहिनात! ते दोन दिवस संध्याकाळचं जेवण तिने आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निघालं. सुटलेले पैसे कार्डात परत यायला १८ दिवस लागले, तोवर आम्ही कधीच घरी. कस्टमर केअरचा टोल फ्री नंबर बाहेरून लागतच नाही, साधा नंबर लावला तर रोमिंगमध्ये गाणं ऐकत बसा.

तिथल्या मेट्रोला मात्र कार्ड थेट टॅप होतं, हे मस्त. बाहेरच्या कार्डाला दिवसाला साठ सेंट जास्त लागतात, तेवढं चालतं. फक्त एका कार्डावर एकच माणूस. मी टॅप करून आत गेलो, गेटवरून कार्ड आईच्या हातात दिलं, गेट काही उघडेना, मी आत आणि ती बाहेर, गर्दीत ओरडून ओरडून तिला तिथेच थांब म्हणत होतो. मग स्टेशनवरच्या बाईने तिला वेगळं कार्ड काढून दिलं.

एवढं सगळं होऊनही कार्ड बंद केलं नाहीये, रोख घेऊन फिरण्यापेक्षा बरंच आहे, भरताना रेट फिक्स होतो, हरवलं तर ॲपवरून लॉक होतं. पाचपैकी तीन देईन. पण एकट्या या कार्डावर भरोसा ठेवून निघू नका, सोबत एखादं क्रेडिट कार्ड, थोडी रोकड हवीच, आणि घरच्या सिमला रोमिंग असू द्या, ओटीपी त्यावरच येतो.

सध्या कार्डात ४१ सिंगापूर डॉलर पडून आहेत. परत करायचे तर बँक स्वतःच्या खरेदीच्या, म्हणजे कमी रेटने घेणार आणि माझा जळगावचा एक दिवस जाणार. म्हटलं राहू दे, पुढच्या ट्रिपला वापरू. तर आईला आता पशुपतीनाथला जायचंय, आणि हे कार्ड नेमकं नेपाळमध्ये चालत नाही.