ऐकलेला शब्द कोशात सापडतो का? गुजराती आणि आयरिशच्या मोफत कोशांची पारख

गुजरातीसाठी गुजरातीलेक्सिकन आणि त्याच्या जोडीला भगवद्गोमंडळ, आयरिशसाठी ट्यांगलन. तिन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. नागपुरातल्या मराठी माणसाला त्यांचा उपयोग किती, हे बघायला एकच कसोटी पुरते: कानावर पडलेला शब्द तिथे सापडतो का? कारण या दोन्ही भाषांत पहिलंच अक्षर दगा देतं.

आयरिशमध्ये हा दगा व्याकरणातच आहे. नावेला ‘बाड’ म्हणतात. ‘अ वाड’ म्हणजे त्याची नाव, ‘अ बाड’ म्हणजे तिची आणि ‘अ माड’ म्हणजे त्यांची. सर्वनाम तिन्हीकडे ‘अ’च, नाव कोणाची, ते फक्त ‘ब’चं काय झालं त्यावरून ओळखायचं. नुसतं ऐकून ‘वाड’ किंवा ‘माड’ शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. शोधताना उलटा प्रवास करावा लागतो. सुरुवातीला व ऐकू आला तर मूळ अक्षर ब, म किंवा फ असू शकतं. ह असेल तर स किंवा त. ग असेल तर क, आणि न असेल तर द. अर्थात हे आवाज मूळचेही असू शकतात (व मात्र क्वचितच), म्हणून आधी जसं ऐकलं तसं शोधावं आणि मग उलटं जावं.

लेखन मात्र दयाळू आहे. आयरिश लोक मूळ अक्षर पुसत नाहीत. ‘ब’चा ‘व’ झाला तर बीनंतर एच लिहितात, ‘म’ झाला तर बीच्या आधी एम लावतात. छापील मजकूर समोर असेल तर ही जादाची अक्षरं काढली की मूळ शब्द हाती येतो. तेवढंही नको असेल तर बदललेलं रूप तसंच ट्यांगलनमध्ये टाका, ते मूळ शब्दाकडे नेऊन सोडतं. पत्ता टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन डॉट आय-ई असा आहे.

ट्यांगलनचा खरा दागिना म्हणजे उच्चारांचा विभाग. नेहमीच्या हजारो शब्दांना कॉनक्ट, मन्स्टर आणि अल्स्टर अशा तीन प्रांतांतले आवाज दिले आहेत. हे चैनीचं नाही, गरजेचं आहे. साधं ‘कसा आहेस?’ घ्या. मन्स्टरात ‘कॉनस अता तू’, कॉनक्टात ‘केन खी विल तू’ आणि अल्स्टरात ‘कजे मर अता तू’. तिन्ही ठिकाणचं थोडंथोडं उचललं की बोलणं कुठलंच राहत नाही. पहिल्या दिवशीच एक प्रांत धरावा आणि त्याच प्रांताच्या आवाजाच्या बटणाला चिकटून राहावं. शेजारी व्याकरणाचा विभाग आहे, तिथे नामाची आणि क्रियापदाची सगळी रूपं एका पानावर मिळतात.

उणीव आहे ती वयाची. तिथला इंग्रजी-आयरिश कोश 1959चा आणि आयरिश-इंग्रजी 1977चा. मोबाइल-इंटरनेटच्या काळातले शब्द तिथे शोधू नयेत, त्यासाठी ‘फोक्लोर’ हा नवा इंग्रजी-आयरिश कोश वेगळा आहे. आणि स्वरावरची तिरकी रेघ, ‘फाडा’, टाळू नये. रेघ नसेल तर पुरुष, रेघ दिली की गवत, अशी शब्दांची जोडी आहे. फोनवर स्वराचं बटण दाबून धरलं की रेघेचं अक्षर वर येतं.

आता गुजराती. इथे दगा व्याकरणाचा नसून बोलीचा आहे. सुरती आणि काठियावाडी बोलण्यात ‘स’चा ‘ह’ होतो, ‘सारुं’चं ‘हारुं’, ‘साचुं’चं ‘हाचुं’. नागपूरच्या इतवारी बाजारात काउंटरवर ‘हारुं’ ऐकून तसंच टाइप कराल तर कोश गप्प बसेल. ‘ह’ने काही मिळालं नाही तर लगेच ‘स’ करून बघायचं. गंमत अशी की आयरिशमध्येही ‘स’चा ‘ह’ होतोच, फक्त तिकडे तो नियमाने होतो आणि इकडे सवयीने. दुसरी अडचण ‘ओ’ची. गूळ आणि वर्तुळाकार, दोन्ही ‘गोळ’च लिहितात, पण गुळाचा ‘ओ’ उघडा, ‘ऑ’कडे झुकलेला. लिपी हा फरक दाखवत नाही. इथे ट्यांगलनसारखं बटण हवं होतं.

क्रियापदं ‘-वुं’ लावून शोधावीत: करवुं, जवुं. ‘गयो’ दिसलं तरी ‘जवुं’वरच जायचं, मराठीत ‘गेला’साठी ‘जाणे’ बघतो तसंच. आणि लकडगंजच्या एखाद्या आरागिरणीत बोलणं कच्छीत चाललं असेल तर गुजराती कोशाला दोष देऊ नये. कच्छी गुजराती लिपीत लिहितात खरं, पण तिचं नातं सिंधीशी जवळचं.

टंकनात मराठी माणूस नशीबवान. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची ठरावीक कळफलक-मांडणी, येत असेल तर गुजराती कळफलकावर बोटं तीच आणि जागाही त्याच, नवं काही शिकायला नको. देवनागरीत शब्द टाकून मात्र शोध लागेलच असं धरू नये. वाचताना ख, च, ज, झ, फ, ब आणि अ, इ ही अक्षरं वेगळी घोटावीत, बाकीची बरीचशी शिरोरेघ काढली की ओळखू येतात. जुन्या छापील पानावरून उतरवताना जपावं: दोनचा आकडा आणि ‘र’, पाचचा आकडा आणि ‘प’ जवळपास जुळे आहेत. अक्षराच्या जागी आकडा पडला की शोध रिकामा.

सखोलपणात मात्र भगवद्गोमंडळाच्या जवळपास ट्यांगलन येत नाही. गोंडलचे महाराज भगवतसिंहजी यांनी करवून घेतलेला हा कोश 1944 ते 1955 या काळात नऊ खंडांत निघाला. सुमारे 2 लाख 81 हजार शब्द, शिवाय व्युत्पत्ती आणि म्हणी. अर्थ गुजरातीतूनच दिलेले, त्यामुळे नवख्याने आधी गुजरातीलेक्सिकनवर इंग्रजी अर्थ बघावा आणि मग इकडे वळावं. उलट केलं तर एका शब्दासाठी आणखी पाच शोधत बसाल.

वाक्यरचनेची भीती दोन्हीकडे बाळगू नये. गुजरातीत मराठीसारखीच तीन लिंगं, छोकरो-छोकरी-छोकरुं. आयरिशमध्ये क्रियापद आधी येतं, पण ‘ता ल्यौर अगम’ म्हणजे शब्दशः ‘आहे पुस्तक माझ्याकडे’. गुजरातीत ‘मारी पासे चोपडी छे’. इंग्रजीतून शिकवणारे इथे पानभर समजूत घालतात, मराठीवाल्याने ते पान उलटून पुढे जावं. तीच गोष्ट ‘हो’-‘नाही’ची. आयरिशमध्ये त्याला शब्दच नाहीत, क्रियापद परत म्हणायचं: ‘पाहिलंस का?’ ‘पाहिलं.’

वेळ मर्यादित असेल तर नागपुरात बसून गुजरातीच आधी घ्यावी. कोश कमी पडला तर विचारायला माणूस सापडतो, आणि ‘गोळ’चा उघडा ‘ओ’ किराणा दुकानात दोन मिनिटांत सुटतो. आयरिशला ती सोय नाही, म्हणून तिथे प्रत्येक नवा शब्द आधी ऐकायचा आणि मगच वहीत उतरवायचा.