दुसऱ्याचं लेबल की स्वतःचं नाव? मसाल्याच्या धंद्यातला माझा अनुभव

माझ्या मावसबहिणीचा चकलीच्या भाजणीचा छोटा कारखाना आहे. परवा तिला एका मोठ्या ब्रँडकडून विचारणा आली. दर महिन्याला ठरलेला माल, पाकिटं त्यांची, नाव त्यांचं, भाजणी हिची. तिनं फोन करून विचारलं, "दादा, घेऊ का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. दोन्हीकडं राहून आलोय मी. सहा वर्षं दुसऱ्याच्या लेबलखाली कांदा-लसूण मसाला केला, आणि आता चार वर्षं स्वतःच्या नावानं विकतोय. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. अशा वळणावर उभे असलेले तिच्यासारखे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत.

थोडं मागचं सांगायला हवं. गडहिंग्लजच्या बाजूला आमच्या वडिलांचा मिरचीचा डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, होता. उन्हाळा लागला की वर्षाची चटणी कुटून घ्यायला बायका डबे घेऊन यायच्या. बाहेर ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, त्याला आमच्याकडं नुसती चटणीच म्हणतात. मिरची बहुतेकींची एकच, गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी, रंगाला थोडी ब्याडगी. पुढचं सगळं मात्र घराघराचं. एकीचं खोबरं जास्त, दुसरीला तिळाचा वास नको, तिसरी कांदा उन्हात वाळवून आणणार, चौथी तेलात तळून. कुणाच्या चटणीत काय पडतं हे वडिलांना तोंडपाठ होतं. गावात त्यांना आडनावानं कुणी हाक मारत नसे. 'डंकवाले अण्णा' एवढंच.

मी धंद्यात आलो तेव्हा डंकाचं काम उन्हाळ्यापुरतं उरलं होतं. बाकीचे आठ-नऊ महिने यंत्रं झाकून ठेवायची. त्यात एका कंपनीचं काम चालून आलं आणि मी ते घेतलं.

पहिल्यांदा त्या बाजूचं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. भर पावसाळ्यात यंत्रं चालू राहतात. माणसं टिकतात. हातात कंपनीची ऑर्डर असली की बँकेचा मॅनेजर खुर्ची पुढं करतो. माझा पल्वरायझर (दळायचं यंत्र) आणि पॅकिंग मशीन त्या ऑर्डरवरच्या कर्जातूनच आलं. विक्रीची कटकट नाही, दुकानदाराची मनधरणी नाही. आणि शिस्त लागते, ती जन्मभर पुरते. मिरची ओलसर राहिली तर बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार होतं, हे मला कंपनीच्या लॅबमुळं कळलं. आमच्याकडं मिरची हातात घेऊन हलवायची, आतल्या बिया वाजल्या की वाळली, एवढीच परीक्षा होती. आज माझ्याकडं ओलावा मोजायचं यंत्र आहे. मिरची वाजवून मी अजूनही बघतो, पण विश्वास यंत्रावर ठेवतो.

पैशाचं म्हणाल तर मजुरी ठरलेली असते, पण ती वेळेवर येईलच असं नाही. माझी बिलं तीन-तीन महिने अडकायची. कायदा आपल्या बाजूनं आहे, तो माहीत असू द्या. सरकारकडं उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच ते आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही तशी तरतूद आली (तेव्हाचं कलम ४३ बी (एच)). त्यामुळं मुदत उलटूनही मार्चअखेर थकलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, आणि मार्च जवळ आला की फोन उचलले जातात. पण एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा असताना त्याच्याविरुद्ध तक्रार करायचा धीर किती जणांना होतो, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. मला झाला नाही.

तरीही मी ते काम सोडलं ते पैशासाठी नाही. कारण वेगळं होतं, आणि माझ्यापुरता निकाल त्यानंच लावला.

तिसऱ्या की चौथ्या वर्षीची गोष्ट. मी एका लग्नाला बाहेरगावी होतो. कढईवरच्या नव्या मुलाचं लक्ष चुकलं आणि कांदा बुडाला लागला. जळाला नव्हता, पण तांबूसचा काळपट झाला होता. परत आलो तोवर साधारण तीनशे किलोची बॅच कुटून झाली होती. चिमूटभर जिभेवर ठेवली. आधी तिखट, मग लसूण, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला बारीक कडवटपणा. मी कंपनीच्या माणसाला फोन करून सांगितलं. त्यानं रिपोर्ट मागवला. ओलावा बरोबर, रंग बरोबर, सगळे आकडे मर्यादेत. म्हणाला, "रिपोर्ट पास आहे, पाठवून द्या." मी पाठवून दिली. ती माझी चूक, आणि ती मला आजही खुपते.

त्यानंतर दोन महिने मी तक्रारीची वाट बघत होतो. कुणीतरी नागपुरात, नाशकात ते पाकीट फोडलं असेल, आमटी कडवट लागली असेल, घरात कुणीतरी ताट बाजूला सारलं असेल. ते माझ्यापर्यंत यायला हवं होतं. काहीच आलं नाही. पाकिटावर तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो, पण तो ज्याचा ब्रँड त्याचा. माझी खूण म्हणजे मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला चौदा आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक. ते चौदा आकडे वाचून मला कोण फोन करणार? शाबासकी येत नव्हती याचं मला फारसं वाटलं नाही. शिवीसुद्धा माझ्यापर्यंत पोचत नव्हती, हे मात्र सोसलं नाही.

वडिलांच्या वेळी असं झालं असतं तर? झालं होतं एकदा. शेजारच्या काकूंनी भरलेला डबा परत आणून कट्ट्यावर ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "अण्णा, जरा चाखून बघा." वडिलांनी चाखली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं मिरची आणून त्यांना नवी चटणी कुटून दिली. त्या काकू शेवटपर्यंत आमच्याकडंच येत राहिल्या.

त्याच सुमाराला बायकोनं एक गोष्ट माझ्या लक्षात आणून दिली. पूर्वी चाळणीखालून मसाला निघाला की मी चिमूट घेऊन भाकरीच्या तुकड्याला लावायचो. "तुम्ही हल्ली चाखतच नाही," ती म्हणाली. खरंच होतं. त्या बॅचनंतर चाखणं सुटलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. धंदा वाढला होता, गाडी दारात होती, आणि कुणी विचारलं "काय करता?" तर "मॅन्युफॅक्चरिंग" असं मोघम सांगायचो. कशाचं, हे सांगायला करारानं मनाई होती. हळूहळू सांगावंसंही वाटेनासं झालं. आपण कोण आणि कशासाठी करतोय याचा धागाच हातातून सुटतो. माझ्या ओळखीच्या बऱ्याच उद्योजकांना हे होतं, आणि बहुतेक जण त्याला थकवा समजून चार दिवस कोकणात जाऊन येतात.

आता दुसरी बाजू. स्वतःच्या नावाचं कौतुक करणारे लोक पुष्कळ भेटतात, म्हणून आधी त्रास सांगतो. दुकानदार उधारी मागतो, दहा पाकिटांवर एक फुकट मागतो, मुदत संपलेला माल परत देतो आणि चांगली फळी मोठ्या ब्रँडसाठी राखून ठेवतो. पहिलं दीड वर्ष मी शिलकीतून खाल्लं. आजही माझी उलाढाल कंपनीच्या कामाच्या शेवटच्या वर्षाएवढी झालेली नाही. कर्जाचे हप्ते मोठे असतील, घरात दुसरी कमाई नसेल, तर या बाजूला एकदम उडी मारू नका असं मी कळकळीनं सांगेन.

एक चूक माझीही झाली. आपली ओळख परत मिळवायची म्हणून मी आधी लोगो करायला टाकला. लोगो करणाऱ्यांनी जरीपटका, तलवार, राजवाड्याची कमान असं सगळं काढून दिलं. छान होतं, पण आमच्या घराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. ते पैसे वाया गेले. उपयोगी पडला तो झाकून ठेवलेला डंक. दोन उन्हाळे मी तो पुन्हा चालवला, मजुरीवर, पूर्वीसारखा. बायका पुन्हा डबे घेऊन आल्या. कोण काय घालतं ते मी वहीत लिहून ठेवलं आणि आईच्या चटणीशी ताडून पाहिलं. आईचा कांदा तळलेला, तीळ अगदी बेताचा, आणि दगडफूल इतरांपेक्षा जास्त. तिच्या आमटीला येणारा वास त्या दगडफुलाचा होता, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. आज पाकिटात जातो तो हाच मसाला, आणि पाकिटावर डंकाचं साधं रेखाचित्र आहे.

नावाच्या नोंदणीचं थोडक्यात. मसाले ट्रेडमार्कच्या ३० व्या वर्गात येतात. ऑनलाइन अर्ज केला तर व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी सरकारी फी ४५०० रुपये, आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. पुढं नूतनीकरण करता येतं. नुसत्या 'कोल्हापुरी' शब्दावर कुणाला एकट्याचा हक्क सांगता येत नाही, तो सगळ्या मुलखाचा. तेव्हा नाव निवडताना गावाच्या नावावर विसंबू नका.

मुलखाच्या नावावरून आठवलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि ती कुठली हे सांगितलं नाही, तेव्हा आमच्याकडं केवढी खळबळ उडाली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं पत्र लिहिलं आणि त्या चपलेची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक पादत्राणांची आहे हे कंपनीनं मान्य केलं. त्या दिवसांत चपला करणाऱ्या एका मित्राकडं बसलो होतो. त्याला पैशाचं विचारलं तर म्हणाला, "पैसे राहू द्यात, आधी नाव तर घ्या." मला ते ऐकून सहा वर्षांचे ते चौदा आकडे आठवले.

नाव एकट्याचंच हवं असंही नाही. लिज्जतचं बघा. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पाकिटावर कुणा एकीचं नाव नाही, पण लाटणारी प्रत्येक बाई तिथं मालक आहे. आपण केलं ते आपलं, असं छातीवर हात ठेवून सांगता आलं म्हणजे पुरे.

स्वतःच्या पाकिटावर मी फोन नंबर पुढच्या बाजूला छापलाय, नावाच्या खाली, ठळक. डिझाइन करणाऱ्यानं नको म्हणून सांगितलं होतं. गेल्या दिवाळीनंतर इचलकरंजीहून एका काकूंचा फोन आला, "यंदा खोबरं जास्त भाजलंय का हो?" मी गोदामात जाऊन पाहिलं. खोबरं नव्या व्यापाऱ्याचं होतं, जास्त तेलकट, आणि माणसानं नेहमीएवढाच वेळ भाजलं होतं. काकूंना सांगितलं, "बरोबर आहे तुमचं, पुढच्या खेपेला बघा." त्या म्हणाल्या, "बघते की." त्या एका फोनसाठी मी दीड वर्षाची ओढाताण पुन्हा सोसेन.

दोन्हींच्या मधली वाटही असते. मी स्वतः दोन वर्षं अर्धं काम कंपनीचं आणि अर्धं स्वतःचं केलं. हप्ते सांभाळायला ते बरं पडतं. एवढं मात्र पाहा, की दोन्ही माल एकाच पाककृतीचे नकोत. करारात तशी मनाई असते आणि पुढं भांडण लागतं.

बहिणीला मी 'घेऊ नको' असं म्हणालो नाही. तिच्यावर शेडचं कर्ज आहे, मुलगा बारावीत आहे. वर्षभर तरी त्या कामाचा तिला आधार होईल. फक्त सही करण्याआधी करारात दोन ओळी घालून घे म्हणालो. एक, आलेली प्रत्येक तक्रार बॅच नंबरसकट आठ दिवसांत तुला कळवावी. दोन, चवीवरून बॅच थांबवायचा अधिकार तुझ्याकडं राहील, रिपोर्ट पास असला तरी. पहिली ओळ कंपनीनं मान्य केलीय. दुसरीवर अजून बोलणं चालू आहे, आणि ती लिहून मिळाल्याशिवाय सही करणार नाही असं तिनं काल मला कळवलं.