डिजिटल फळा की सहायक शिक्षिका? लहान शहरातील शाळेपुढचा निर्णय

लहान शहरातील शाळेच्या हाती मर्यादित निधी आला की व्यवस्थापन समितीपुढे बहुधा दोन प्रस्ताव येतात: डिजिटल फळे आणि टॅब घ्यावेत, किंवा मागे पडलेल्या मुलांसाठी सहायक शिक्षिका नेमाव्यात. पहिल्या प्रस्तावाचे उद्घाटन थाटात करता येते, दुसऱ्याचे नाही. तरीही प्राथमिक वर्गांपुरता माझा कौल दुसऱ्याला आहे.

पेरूमध्ये सरकारने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले, परंतु ग्रामीण शाळांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या गुणांत लक्षणीय वाढ आढळली नाही. यात नवल नाही. चौथीतले मूल ५२ मधून २७ वजा करताना ३५ लिहिते, कारण एककाच्या घरात ७ मधून २ काढणे त्याला सोपे वाटते. फळ्यावरचा सुबक धडा सर्वांसाठी सारखाच पुढे सरकतो. जवळ बसलेली शिक्षिका मात्र त्याच्याकडून दहाची एक जुडी सोडवून घेते आणि बारा काड्यांतून सात बाजूला काढायला लावते.

मुंबई आणि वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात झालेल्या प्रयोगात तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना पंधरा-वीसच्या गटांत रोज सुमारे दोन तास असे शिकवले गेले आणि त्यांचे गुण वाढले. संगणकालाही येथे न्याय द्यायला हवा: वडोदऱ्यात चौथीची मुले आठवड्यातून दोन तास, पातळीनुसार बदलणारी गणिते संगणकावर सोडवत होती आणि गणितातील त्यांची वाढ अधिक होती. मात्र प्रत्येक मुलामागचा खर्चही कितीतरी जास्त होता. दोन्ही उपाय थांबल्यावर वर्षभरात लाभ बराच ओसरला, त्यामुळे एका वर्षाच्या निधीवर यांपैकी काहीच सुरू करू नये.

मानधन दरवर्षी द्यावे लागते, ही सहायक शिक्षिकेच्या बाजूची खरी अडचण आहे. यंत्रांचा खर्च एकदाच होतो असे म्हणतात, पण बिघडलेला फळा दुरुस्त करणारा माणूस मोठ्या शहरातून येईपर्यंत तो झाकूनच राहतो. उलट, पदवी घेऊन घरी असलेल्या तरुणी गावातच मिळतात.

वरच्या वर्गांत विज्ञान किंवा गणिताचा शिक्षकच मिळत नसेल आणि मुले नीट वाचत असतील, तर चित्र बदलते. तेथे संगणक जरूर घ्यावेत, मात्र दुरुस्तीची मुदत आणि मुलाच्या पातळीनुसार बदलणारी उदाहरणे, या दोन अटी करारात आधी लिहून घ्याव्यात.