कॉन्स्टान्झ-मेअर्सबुर्ग फेरीबोट: अकरा महिन्यांच्या नियमित प्रवासानंतर

गेले अकरा महिने, आठवड्यातून चार दिवस, मी जर्मनीतील बोडेनझे सरोवर गाडीसह फेरीबोटीने ओलांडतो आहे. घर कॉन्स्टान्झला आणि कचेरी मेअर्सबुर्गच्या पुढे असल्यामुळे रस्त्याने जायचे तर राडोल्फझेलवरून सरोवराच्या टोकाला मोठा वळसा पडतो. बोटीने मात्र कॉन्स्टान्झमधल्या श्टाडच्या धक्क्यावरून साधारण चार किलोमीटरचे पाणी पंधरा मिनिटांत पार होते. ही सेवा १९२८ पासून सुरू आहे आणि रात्रीही बंद नसते. दिवसा फेऱ्या इतक्या लागोपाठ असतात की वेळापत्रक पाहण्याची सवयच मोडली, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर वाढलेल्या मला शेवटची फेरी चुकण्याची धास्ती जायला मात्र दोन महिने लागले.

पोलादी बोटीला दोन्ही टोकांना उतार असल्याने गाडी एका बाजूने चढते आणि दुसऱ्या बाजूने सरळ उतरते. मागे घेण्याचा प्रश्नच येत नाही. खलाशी हाताच्या खुणेने रांग दाखवतो, हँडब्रेक ओढून इंजिन बंद करेपर्यंत तिकीटवाला खिडकीशी येतो आणि तेवढ्यात बोट सुटलेलीही असते. बोटीला नेहमीचा पंखा आणि सुकाणू नाही. तळाशी उभी पाती फिरतात आणि त्यांचा कोन बदलून बोटीला हव्या त्या दिशेला रेटा देता येतो, त्यामुळे आडव्या वाऱ्यातही ती धक्क्याला अलगद टेकते. इंजिनाची थरथर मात्र गाडीच्या आरशात स्पष्ट दिसते. पहिल्या आठवड्यात मला गाडीच बिघडल्याचा संशय आला होता. ‘रिचमंड’ ही द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी नवी बोट मिळाली की डिझेलचा वास नसतो, पण कोणती बोट येईल हे आपल्या हाती नाही.

हिवाळ्यात काठावरचे नारिंगी दिवे लुकलुकू लागले की ते मोजण्याची मला सवय लागली आहे. मिनिटाला चाळीस वेळा म्हणजे सावधगिरी, नव्वद वेळा म्हणजे वादळ. अशा दिवशी मी वरच्या मजल्यावर जाण्याऐवजी गाडीतच बसतो. शरद ऋतूतल्या धुक्यात पुढचा काठ दिसत नाही, केवळ भोंगा ऐकू येतो, तरी माझा एकही दिवस त्यामुळे वाया गेलेला नाही.

खरा त्रास उन्हाळ्यातल्या शनिवारचा. पर्यटकांच्या गाड्यांची रांग धक्क्यापासून वर रस्त्यापर्यंत लागते आणि पंधरा मिनिटांच्या प्रवासासाठी पाऊण तास उभे राहावे लागते. भाडेही रोज गाडी नेणाऱ्याला जड जाते. सरोवर ओलांडणारी बस थेट बोटीवरच चढते, त्यामुळे ज्यांना पलीकडे गाडीची गरज नाही त्यांनी तीच धरावी. मी स्वतः जुलैपासून शनिवारी सायकल नेऊ लागलो आहे.