योनाची अवज्ञा आणि शौलाची

जालन्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत देवाच्या आज्ञाभंगाचा विषय निघाला की बायबलमधला संदेष्टा योना हमखास पुढे येतो. देवानं निनवे शहरात जा म्हटलं, तर हा याफो बंदरात जाऊन उलट दिशेच्या तार्शीशच्या जहाजात बसला. उघड नकार. पोरांनाही लगेच कळतो. वाटेतलं वादळ आणि त्याला गिळणारा मोठा मासा असल्यामुळे लक्षातही राहतो.

इस्राएलचा पहिला राजा शौल, त्याचं तसं नाही, आणि मला तीच अवज्ञा जास्त घातक वाटते. बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात त्याला अमालेकी या शत्रू टोळीचं सर्वस्व नष्ट करायला सांगितलं होतं (हा हुकूम आज वाचताना जड जातो, हे खरं). त्यानं टाकाऊ तेवढं मारलं, धष्टपुष्ट मेंढरं-गुरं राखली, आणि वर शमुवेल संदेष्ट्याला सांगितलं, आज्ञा पाळली. मागे मेंढरं ओरडत होती! ती यज्ञासाठी ठेवलीत, हे कारण. शमुवेलानं ते मानलं नाही: यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं मोठं.

आपल्याकडे हंगामाच्या सणाला वेदीपाशी ज्वारीची कणसं, तुरीची पोती, पाय बांधलेली कोंबडी येते. सालगड्याचे पैसे अडकवून सगळ्यात मोठं पोतं आणणारा माणूस योना नव्हे, शौल आहे.

आणखी एक फरक. योना रुसलेला का होईना, शेवटी निनवेला गेला. शौलानं ‘पाप केलं’ म्हटलं, पण लगेच मागितलं काय, तर वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना म्हणूनच आधी शौल शिकवावा, असं माझं ठाम मत आहे.